चिकटवलेलं बटण

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ संच आहे. थांबा, लगेच गाणं लाव म्हणू नका. गाणी नि बातम्या ऐकवणारे माझे भाऊबंद वेगळे. मी पडलो हौशी माणसाचा संच. हौशी म्हणजे ज्यांना स्वतः जुळवलेल्या यंत्रावरून दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलायची खोड असते, ते लोक. माझ्यातून आवाज येतो तसा जातोही. पण माझं स्वतःचं म्हणून एक अक्षर मला कधी बोलता आलं नाही. आज तुमच्यापुढे तोंड उघडतोय ती गोष्टीची सवलत समजा.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. माझे मालक छापखान्यात यंत्रावर काम करायचे. संध्याकाळी घरी आले की शाईचे हात धुवायचे आणि मला घेऊन बसायचे. माझं पोट पत्र्याचं, तोंड जाड ॲल्युमिनियमचं. तारा जोडायला कथलाचे डाग देताना मालकांनी किती वेळा बोटं भाजून घेतली त्याला गणती नाही. मालकीणबाई तेव्हा नवी नवरी होत्या. ताट मांडायला टेबल मोकळं नसायचं. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "लग्न माझ्याशी केलंत की या डबड्याशी?"

"डबड्याशी आधी ठरलं होतं," मालक म्हणाले.

झालं! त्या दिवसापासून मी त्यांची सवत झालो. पण सांगतो तुम्हाला, धूळ पुसायची वेळ आली की फडकं त्याच घ्यायच्या, आणि मालकांपेक्षा हलक्या हाताने पुसायच्या.

माझ्या शेजारी एक पितळी खटका असायचा. तो दाबून टिंब आणि रेघा पाठवायच्या, म्हणजे मोर्सची भाषा. टक्, टक्, टऽक. प्रत्येक हौशी माणसाला सरकारकडून एक सांकेतिक नाव मिळतं. मालकांच्या नावाची एक चाल होती. ती चाल त्या घरात इतकी वाजली की मालकीणबाई नकळत त्याच ठेक्यावर भाजी चिरू लागल्या. एक अक्षर ओळखता येत नव्हतं त्यांना, पण ठेका पक्का बसला होता.

अशा हाका मारता मारता मालकांना एक दोस्त मिळाला. तो दूर समुद्रकाठी दीपगृहावर कामाला होता. घरात त्याचं नाव पडलं दिवेवाला, आणि तो आमच्या मालकांना म्हणायचा छापखाना. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही. रोज दिवेलागणीला दिवेवाला दीपगृहाचा दिवा लावायचा आणि खटक्यावर बसायचा. इकडे मालक बसायचे. काय बोलायचे म्हणाल, तर काही नाही. आज वारा फार आहे. आज यंत्रात कागद अडकला. बाळाला दात आला. तुम्ही हसाल, पण अशा बोलण्यावरच तर दोस्ती उभी असते.

दिवेवाल्याचा संच होता लिंबूटिंबू. त्याचा आवाज खरखरीत बुडून जायचा. मग मालकांनी डोकं चालवून माझ्या पोटात एक चाळणी बसवली. चाळणी म्हणजे असं, की मोर्सचा एकच स्वर बाहेर येणार, बाकी सगळं आत अडकणार. कोणता स्वर, ते ठरवायला एक छोटं बटण. मालकांनी ते फिरवून फिरवून पाहिलं आणि उजवीकडे अगदी टोकाला नेलं. तिथे दिवेवाल्याचा आवाज डासासारखा बारीक, पण लख्ख ऐकू यायचा.

"डास पाळलाय का घरात?" मालकीणबाई म्हणाल्या. पुढे बाळाची झोप मोडते म्हणून त्यांनीच मालकांना हेडफोन आणून दिला.

ते बटण साफसफाईत हलू नये म्हणून मालकांनी काय केलं असेल? मालकीणबाईंच्या नेलपॉलिशची बाटली उचलली आणि बटणाच्या बुडाशी लाल थेंब सोडला. आमच्या लोकांची ही जुनी रीत आहे. जमलेली गोष्ट चिकटवून टाकायची, म्हणजे पुन्हा बिघडायला नको. बटण पक्कं झालं. मालक खूश, मी खूश. मालकीणबाई तेवढ्या बाटलीवरून चार दिवस बोलत होत्या.

मग मालकांना बढती मिळाली. रात्रपाळ्या आल्या, दुसरं मूल आलं, शाळा आल्या, आजारपणं आली. दिवेलागणीला ते छापखान्याच्या खडखडाटात उभे असायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी दिवेवाल्याला कळवलं, "काही वर्षं जमेलसं वाटत नाही."

तिकडून उत्तर आलं, "मी कुठं जातोय? परत येशील तेव्हा दिवेलागणीला काट्याच्या याच जागेवर हाक मार."

आणि मी माळ्यावर गेलो. काही वर्षांची किती वर्षं झाली ते विचारू नका. माझ्या पोटात एका पालीने संसार थाटला. खालून लग्नाची गडबड ऐकू आली, पुढे नातीचं रडणं ऐकू आलं. मला कोणी हात लावला नाही. मालकांनी एकच गोष्ट नेमाने केली. संच चालवायच्या परवान्याची मुदत संपत आली की ते निमूटपणे ती वाढवून घ्यायचे. मालकीणबाई विचारायच्या, "कशाला?" ते म्हणायचे, "असू दे." तेवढ्या दोन शब्दांवर मी माळ्यावर तग धरला.

पुढे मालक निवृत्त झाले. निवृत्त पुरुष घरात काय करतो? घरातल्या बाईला तिचंच काम शिकवतो. मसाल्याचे डबे त्यांनी उंचीप्रमाणे लावले. कांदा कसा चिरावा ते सांगितलं. एक दिवस मालकीणबाईंनी सुरी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "अहो, तुमच्या पाया पडते. ते डबडं काढा माळ्यावरून!"

आहाहा! सवतीनेच माझी सुटका केली. मालक लहान मुलासारखे शिडीवर चढले. पालीला निरोप दिला. सुकलेले भाग बदलले, गच्चीवर आवाज पकडणारी नवी तार बांधली आणि चालू केलं. आधी माझ्या तोंडावरची कळ माणसांच्या बोलण्याकडे टाकली, तिकडे चाळणी मध्ये येत नाही. दूरदूरची माणसं बोलत होती, मालकांना स्वच्छ ऐकू आली. दोघांशी ते बोललेही. पण त्यांचं मन तिकडे नव्हतं. दिवेलागण झाली तशी त्यांनी हेडफोन चढवला, कळ मोर्सकडे टाकली, काटा जुन्या जागेवर आणला आणि दिवेवाल्याला हाक मारली.

मित्रांनो, उत्तर आलं हो! पहिल्याच दिवशी आलं. दिवेवालाही म्हातारा झाला होता, किनाऱ्यालाच घर करून राहिला होता, पण सवयीने रोज त्या वेळी संच लावून बसायचा. "छापखाना? तूच का? अरे, आहेस कुठं इतकी वर्षं?" मी ते जसंच्या तसं चाळणीतून गाळून, बारीक, लख्ख करून मालकांच्या कानांत ओतलं. आता हे उडी मारतील, मालकीणबाईंना हाक मारतील, असं मला वाटलं.

मालक डोळे मिटून बसले होते. मग त्यांनी हेडफोन काढला. "नाही कोणी," ते म्हणाले.

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. छापखान्याच्या त्या धडधडणाऱ्या यंत्रांनी मालकांच्या कानांतले बारीक स्वर केव्हाच खाऊन टाकले होते. जाड आवाज त्यांना ऐकू यायचे. कुकरची शिट्टी मात्र नाही. फोनवर नातीचा चिमणा आवाज आला की म्हणायचे, "लाइन खराब आहे." लेक म्हणायची, "बाबा, एकदा कान दाखवून घ्या ना." त्यावर मालक ताठ व्हायचे. "माझे कान? अगं, या कानांनी मी समुद्रापलीकडचा माणूस ऐकलाय! तुम्हीच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलता."

आता बोला! एका थेंबाने चिकटवलेलं ते बटण जरासं डावीकडे फिरवलं की स्वर जाड होणार होता. मालकांच्या हातापासून ते वीतभर लांब होतं. मी काय करणार? मला बोटं नाहीत, जीभ नाही. असेल तर पोटातली घरघर आहे. ती मी जोरात करून पाहिली, तर मालकांनी पाठीवर थापटी मारली आणि म्हणाले, "म्हातारा झालास गड्या."

रोज हेच चालू झालं. मालक हाक मारायचे. दिवेवाला ओ द्यायचा. मालक पुन्हा हाक मारायचे. दिवेवाला म्हणायचा, "आहे, आहे, इथंच आहे!" दोघांच्या मध्ये मी बसलेलो. एकाला सगळं ऐकू जात होतं, दुसऱ्याला काही नाही, आणि दोघांचं सगळं कळणारा मी एकटा, तो ठार मुका.

काही दिवसांनी मालक कोणी नाही असं धरूनच बोलू लागले. "दिवेवाल्या, तू असशील तर सांगतो. आज नात पडली, गुडघा फुटला, पण रडली नाही." तिकडून दिवेवाला म्हणायचा, "शाबास पोरीची!" मालक म्हणायचे, "निवृत्तीनंतर हातांना काम नाही, त्याचा फार त्रास होतो." दिवेवाला म्हणायचा, "मलाही." हे सगळं मी हेडफोनमध्ये ओतायचो आणि ते तिथेच सांडून जायचं. मला इतकं रडू यायचं! पण रडणाऱ्या संचाला लोक बिघडलेला म्हणतात.

दिवेवाल्याला वाटलं, दोष आपलाच. भला माणूस तो. म्हणाला, "छापखान्या, तुझं मला ऐकू येतं, माझं तुला पोचत नाही. माझी तार खाली लोंबते आहे. उद्या छपरावर चढतो नि उंच बांधतो. मग पोचेल."

अरे बाबा, नको! तुझी तार छान आहे! या वयात छपरावर चढू नकोस! सगळं पोचतंय रे इथं, अगदी बारीकसारीक पोचतंय! पण हे मी कोणाला सांगणार, आणि कशाने?

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मालकांनी हाक मारली. त्या दिवशी खरोखरच कोणी ओ दिली नाही. त्यानंतरच्या दिवशीही नाही. बरेच दिवस गेले. मालकांना काही फरक कळला नाही, त्यांच्या लेखी सगळे दिवस सारखेच. मी मात्र रोज कान लावून बसायचो, नुसती खरखर ऐकायचो, आणि नको नको ते मनात यायचं.

मग एका संध्याकाळी तो आला. चाल ओळखू येईना. टिंब लांबलेलं, रेघ मध्येच तुटलेली. "पडलो. उजवा हात मोडला. डाव्याने बोलतो. छापखान्या, ऐकतोस?"

नेमक्या त्याच संध्याकाळी मालक हेडफोन काढून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. "दिवेवाला गेला असणार," ते म्हणाले. "असता तर ओ दिली असती. शब्दाचा पक्का होता."

मालकीणबाईंनी गॅस बारीक केला. "इतर लोक आहेत ना बोलायला?"

"आहेत की. पण त्यांना दात कधी आला, कागद कुठं अडकला, हे कुठं माहीत आहे?" मालक म्हणाले, "देऊन टाकतो तो संच. समोर असला की उगाच आशा वाटते."

जुन्या वस्तूंचा एक दुकानदार आला. चांगला गोड बोलणारा होता. त्याने मला टकटक वाजवून पाहिलं, नवरी बघायला आल्यासारखं. "बाहेरचं काम झकास आहे. आतलं सगळं काढून टाकू आणि एक दिवा बसवू. हॉटेलवाले उड्या मारतील. एकदा चालू करून दाखवता का? काचेमागे उजेड कसा पडतो ते बघतो."

संध्याकाळच होती. मालकांनी मला चालू केलं. हात सवयीने मोर्सकडे गेला, काटा सवयीने जुन्या जागेवर. दिवा लागला. दुकानदार खूश झाला आणि वायरी गुंडाळायला लागला. वायरी गुंडाळता गुंडाळता त्याने हेडफोनची पिन खस्सकन ओढली.

हेडफोन निघाला तसा आवाज माझ्या स्वतःच्या तोंडातून, सगळ्या घरात बाहेर पडला. इतक्या वर्षांनी!

"हे चिंचिं काय वाजतंय?" दुकानदार म्हणाला.

"काही नाही," मालक म्हणाले. "त्याच्या पोटात घरघर असते."

"घरघर नव्हे हो. बारीक आहे. डासासारखं."

आणि आतून मालकीणबाई आल्या. एका हातात सुरी, एका हातात अर्धा चिरलेला कांदा. दारातच थांबल्या. मान एका बाजूला केली.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमचं नाव वाजतंय."

"काय?"

"लंगडतंय जरा. पण तुमचंच आहे. कोणीतरी तुम्हाला बोलावतंय."

मालक माझ्याकडे बघायला लागले. कान माझ्या तोंडाला टेकवला. "मला काही ऐकू येत नाही गं," ते म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा म्हणाले.

मालकीणबाईंनी सुरी उलटी धरली आणि तिच्या मुठीने टेबलावर ठोके द्यायला सुरुवात केली. मी जे वाजवत होतो तेच, माझ्या मागोमाग. टक्, टऽक, टक्. जेवणाचं तेच टेबल. त्यांना अर्थ कळत नव्हता, पण हात एकदाही चुकला नाही. मालक एकेक अक्षर मोठ्याने जोडू लागले. "डा... वा... हात. हळू बोलतो... ऐकतोस का." मालक मालकीणबाईंकडे वळले. "तू मनचं तर वाजवत नाहीस ना?"

"मला कुठं येतं ते, मनचं वाजवायला?" मालकीणबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नंतर त्यांनी ते कांद्यावर ढकललं.

मालकांची नजर माझ्यावरून फिरली आणि त्या लाल थेंबावर येऊन थांबली. त्यांनी मालकीणबाईंच्या हातातून सुरी घेतली आणि नेलपॉलिश खरवडून काढलं. बटण फिरता फिरेना. मग एकदाचं कटकन हललं. डासाचा भुंगा झाला. आणि दिवेवाला मालकांच्या कानांत शिरला.

"रोज येतो," तो म्हणत होता. "तुझं ऐकतो. तुला माझं पोचत नाही, तरी बसतो."

मालकांनी खटका दाबला. पहिलं अक्षर दोनदा चुकलं. "पोचलं," त्यांनी पाठवलं. "सगळं पोचत होतं. तार चांगली आहे. माझेच कान गेलेत."

तिकडून आलं, "म्हणजे छपरावर मी उगाच चढलो?"

"उगाच," मालकांनी पाठवलं, आणि टेबलावर डोकं टेकलं.

दुकानदार बिचारा वायरी हातात धरून उभाच होता. मालकीणबाईंनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

गोष्ट इथे संपवली असती तर बरं झालं असतं ना? मलाही तसंच वाटतं. पण दिवेवाला छपरावरून पडल्याचं कळल्यावर त्याचा मुलगा घाबरला होता. त्याने म्हाताऱ्याला आपल्याकडे न्यायचं ठरवलं होतं. घर उंच इमारतीत, तिथे तार बांधू देत नाहीत. दिवेवाल्याने चारच दिवसांनी हे सांगितलं. "एक हातात मावेल एवढा ऐकायचा संच बरोबर नेतोय," तो म्हणाला. "खिडकीशी बसलो तर तुझं ऐकू येईल कदाचित. मला बोलता मात्र येणार नाही. आणि फोन नको, आपण खटक्यावरचे दोस्त." मालक म्हणाले, "सगळा हिवाळा तू बोलत होतास आणि मी वाया घालवला." दिवेवाला म्हणाला, "दिवा लावायचं काम करणाऱ्याला सवय असते. कोण बघतंय ते दिव्याला कुठं कळतं?" मग डाव्या हाताने हळूहळू आपलं नाव वाजवून त्याने रजा घेतली. काट्याची ती जागा त्या दिवसापासून रिकामी आहे.

मालकांनी कान दाखवले. आता त्यांच्या कानात एक यंत्र बसलंय. माझ्यापुढे शेंगदाण्याएवढं, आणि दिमाख केवढा! नात फोनवर बोलते ते त्यांना कळतं. कळल्यावर पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "ही इतकी गोड बोलते आणि मला कोणी सांगितलं नाही?"

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी हाकेला ओ देत नसेल, तर लगेच रागावू नका, आणि माणूस गेला असंही धरू नका. जवळ जा, आवाज जरा खाली आणून बोलून पाहा. आणि मोठे व्हाल तेव्हा एक करा. कितीही छान जमलेली गोष्ट असो, तिचं बटण चिकटवून टाकू नका. कान बदलतात हो. माझ्यासारख्याला दिसत असतं सगळं, पण सांगता येत नाही.

माझ्या त्या बटणावर लाल डाग अजून आहे, पण ते आता फिरतं. रोज दिवेलागणीला मालक बसतात आणि दिवेवाल्याला दिवसभराचं सगळं सांगतात. शेवटी विचारतात, "ऐकतोस ना?" मग थांबतात. तो तिकडे खिडकीशी बसला आहे की नाही, हे मालकांना कळायला मार्ग नाही, आणि मलाही नाही. तरी आम्ही थांबतो. तेवढा वेळ मालकीणबाई स्वयंपाकघरातला कुकर बंद ठेवतात.